घाऊक भावाची विचारणा

हिंडलगा हे गाव बेळगावपासून वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर, दोन कोसांच्या आतबाहेर. मध्यवर्ती कारागृहामुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक झाले आहे. परंतु गावाचा नित्याचा व्यवहार इतर कोणत्याही गावासारखाच दुकानांच्या फळ्यांवर आणि पेठेतल्या भावावर चालतो. येथल्या किराणा दुकानदाराला माल भरायचा झाला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकच वाट ठाऊक होती. बेळगावला जायचे, रविवार पेठेत ठरलेल्या व्यापाऱ्याच्या गादीवर बसायचे, वानगी तळहातावर घेऊन एखादा दाणा दाताखाली फोडून पाहायचा, चहा घ्यायचा, आणि निघता निघता, जणू ते मुख्य काम नव्हेच अशा थाटात, भाव विचारायचा. व्यापारीही तो लगेच सांगत नसे. किती पोती, रोख की उधार, गाडी कोणाची, एवढे विचारून झाल्यावर तो जो आकडा उच्चारी, तो त्या गिऱ्हाइकापुरता आणि त्या दिवसापुरता असे. शेजारी बसलेल्या दुसऱ्या दुकानदाराला तोच भाव मिळेल, याची हमी नव्हती.

आता हा व्यवहार मोबाइलच्या पडद्यावर होऊ लागला आहे. घाऊक माल विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांत एका डब्याचा भाव छापलेला असतो. खाली दहा डब्यांचा, पन्नास डब्यांचा असे उतरते भाव दिलेले असतात. आणि त्याहून मोठी खरेदी करणाऱ्यासाठी ‘कोटेशन मागवा’ अशी एक चौकट असते. तीत मालाचे नाव व नग भरून पाठवले, की काही तासांनी वा दिवसांनी विक्रेत्याचा भाव येतो. गादीवरचा तो चहा गेला, बसणे-बोलणे गेले. प्रश्न मात्र तेच राहिले. किती पोती, रोख की उधार, गाडी कोणाची, हे विचारल्याशिवाय घाऊक भाव पूर्वीही सांगता येत नव्हता आणि आजही येत नाही. फरक इतकाच, की पूर्वी हे प्रश्न व्यापारी विचारी. आता ते गिऱ्हाइकाने आपण होऊन विचारणेत लिहावे लागतात. जो लिहीत नाही, त्याला येणारा आकडा दिसायला आकर्षक आणि कामाला निरुपयोगी असतो.

प्रथम त्या उतरत्या भावांचा हिशेब पाहावा. समजा, एका मालाचा भाव नऊ डब्यांपर्यंत ५०० रुपये, दहापासून एकोणपन्नासपर्यंत ४७० रुपये आणि पन्नास व त्यावर ४४० रुपये असा आहे. दुकानदाराला ४८ डबे हवे आहेत. त्यांचे होतात २२,५६० रुपये. पन्नास डबे घेतले तर होतात २२,००० रुपये. म्हणजे दोन डबे अधिक घेऊन पैसे ५६० रुपयांनी कमी! ज्याची गरज ४७, ४८ किंवा ४९ डब्यांची आहे, त्याने पन्नासच घ्यावेत हे उघड आहे. परंतु हीच युक्ती मनात घर करून बसली, म्हणजे तीस डब्यांची गरज असणारा दुकानदारही पन्नासाकडे ओढला जातो. डब्यामागे तीस रुपये वाचल्याचा आनंद त्याला पहिल्या दिवशी होतो. उरलेले वीस डबे पावसाळ्याच्या ओलीत माळ्यावर पडून राहतात, त्यांत गुंतलेले ८,८०० रुपये अडकतात, आणि तेवढ्यासाठी दुसरीकडे उधारी वाढते. पेठेतला जुना व्यापारी आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला, ‘एवढा माल घेऊ नका, उठणार नाही,’ असे कधी कधी सांगत असे. त्यात त्याचा परोपकार होता असे नाही. गिऱ्हाईक बुडाले तर आपली उधारीही बुडेल, हे तो जाणून होता. उतरत्या भावाचा छापील तक्ता अशी सूचना देत नाही.

दुसरी गोष्ट जागेवरच्या भावाची आणि पोच भावाची. तांदळाचेच उदाहरण घ्यावे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोंपर्यंतच्या बांधीव व लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर बसला, आणि त्यानंतर बाजारात २६ किलोंची पोती दिसू लागली. त्या एका किलोने पोते कराच्या कक्षेबाहेर जाई. (पोत्याचे वजन सरकारी अधिसूचनेने ठरावे, हे धान्याच्या इतिहासात काही पहिल्यानेच घडले असेल असे नाही.) असो. अशा २६ किलोंच्या पन्नास पोत्यांसाठी, म्हणजे १,३०० किलोंसाठी, दोघांकडून कोटेशने आली. एकाचा भाव किलोला ४४ रुपये, दुसऱ्याचा साडेसत्तेचाळीस. पहिला स्वस्त म्हणून कोणीही त्याच्याकडे वळेल. पण पहिल्याच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की भाव गिरणीच्या दारातला. बारदान व भराई पोत्यामागे १२ रुपये, गाडीभाडे गिऱ्हाइकाकडे. मालाचे ५७,२०० रुपये, बारदान-भराईचे ६००, आणि गाडीभाडे ५,२०० धरले, तर एकंदर होतात ६३,००० रुपये. दुसऱ्याचा भाव हिंडलग्यात दुकानापर्यंत पोच, म्हणजे सारे मिळून ६१,७५० रुपये. साडेतीन रुपयांनी स्वस्त दिसणारा माल साडेबाराशे रुपयांनी महाग पडला. घाऊक भावाची विचारणा करताना माल कोठे हवा, कोणत्या तारखेस हवा, पोत्याची भरती किती, वजन निव्वळ की बारदानासह, कर धरून की वगळून, पैसे केव्हा, आणि दिलेला भाव किती दिवस कायम राहील, एवढे लिहिले नाही, तर दोन कोटेशनांची तुलनाच होऊ शकत नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतील ओतकामाच्या कारखान्यांत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. ओतीव भागासाठी भाव मागवणाऱ्याला केवळ ‘पाचशे नग’ असे लिहून भागत नाही. बिडाची प्रत कोणती, एका नगाचे वजन किती, साचा गिऱ्हाइकाचा की कारखान्याने करायचा, कातकाम कोणाकडे, सदोष निघालेले नग किती टक्क्यांपर्यंत चालवून घ्यायचे, हे सारे ठरल्याखेरीज किलोचा भाव काढता येत नाही. साच्याचा खर्च पाचशे नगांवर वाटला तर एक भाव निघतो, पाच हजारांवर वाटला तर दुसरा. शिवाय कच्च्या लोखंडाचा भाव महिन्या-दोन महिन्यांत हलतो. म्हणून जाणता कारखानदार कोटेशनात, कच्च्या मालाचा भाव अमुक इतका बदलल्यास आपला भावही बदलेल, अशी अट घालून ठेवतो. गिऱ्हाइकाला ती जाचक वाटते. पण अशी अट न घालणाऱ्याने पुढे माल देताना हात आखडता घेतला, तर ते अधिक जाचक होते.

येथे कायद्याचा एक मुद्दा येतो आणि त्याबद्दलचा गैरसमज फार जुना आहे. कोटेशन आले आणि आपण ‘मान्य’ म्हटले, म्हणजे सौदा झाला, असे सामान्यतः समजले जाते. तसे नेहमीच नसते. १८९३ साली जमैका बेटावरील एका मालमत्तेचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला होता. विकत घेऊ इच्छिणाऱ्याने तारेने विचारले, विकाल काय, कमीत कमी किंमत कळवा. उत्तर आले, कमीत कमी किंमत ९०० पौंड. त्याने लगेच तार केली, आम्हांला मान्य आहे. न्यायाधीशांनी ठरवले, की करार झालाच नाही. कारण मालकाने फक्त किंमत सांगितली होती, विकतो असे म्हटले नव्हते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली कोडगूतील मडिकेरीच्या एका बंगल्यासंबंधी हेच तत्त्व मानले. दहा हजारांहून कमी घेणार नाही, एवढे म्हणणे म्हणजे दहा हजारांना विकण्याचा प्रस्ताव नव्हे.

मात्र भावाबरोबर नग, मुदत, पोच आणि पैशांची अट सांगितली, आणि ‘या अटींवर माल देण्यास तयार आहोत’ असे लिहिले, तर ते केवळ भाव सांगणे राहत नाही. तो प्रस्ताव होतो, आणि तो स्वीकारताच करार होतो. त्यासाठी शिक्कामोर्तबाचा कागदही लागतोच असे नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइटच्या एका मोठ्या व्यवहारात, उभयतांमधील ई-मेलांवरूनच करार पुरा झाला होता, असा निर्णय दिला.

परंतु या साऱ्यांहून मराठी मुलखाला जवळचा खटला आहे तो खामगावचा. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची एक व्यापारी पेढी आणि खामगावची एक सरकीची व तेलाची गिरणी यांच्यात लांब पल्ल्याच्या टेलिफोनवरून सरकीच्या पेंडीचा सौदा झाला. पेंड आली नाही, असे अहमदाबादकरांचे म्हणणे. त्यांनी ३१,१५० रुपयांची फिर्याद अहमदाबादच्या न्यायालयात गुदरली. गिरणीचे म्हणणे असे, की होकार आम्ही खामगावात बसून दिला, म्हणून करार खामगावात झाला; फिर्यादही तेथेच यायला हवी. पत्राने होकार दिला असता तर हा युक्तिवाद टिकला असता. कारण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे पत्र टपालात पडताच प्रस्ताव करणारा बांधला जातो. टेलिफोनचे काय करायचे, हे १८७२ साली कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ३० ऑगस्ट १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला, की टेलिफोनवरचा होकार जेथे ऐकू आला, तेथे करार झाला. म्हणजे अहमदाबादेत. तिघांपैकी एका न्यायमूर्तींचे, हिदायतुल्लांचे, मत वेगळे पडले. कायद्याच्या शब्दांना धरून राहावे, असा त्यांचा आग्रह होता. ज्याने टेलिफोनवर ‘बरं, पाठवतो’ एवढेच म्हटले असेल, त्याला त्या एका वाक्यापायी शेकडो मैलांवरच्या न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आजच्या पडद्यावरच्या होकारासाठी २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. इलेक्ट्रॉनिक साधनाने केला म्हणून करार निष्फळ ठरत नाही, असे त्यात २००८ च्या दुरुस्तीने स्पष्ट घातले गेले. आणि संदेश पाठवणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या व्यवसायाच्या जागी अनुक्रमे सुटला व पोचला असे तो कायदा मानतो. तथापि ऑनलाइन दुकानांच्या अटींच्या लांबलचक पानावर कोठेतरी, वाद झाल्यास अमुक शहरातील न्यायालयातच दाद मागावी, असे वाक्य बहुधा असते. पन्नास पोत्यांसाठी दिल्लीला खटला चालवणे कोणाला परवडेल? आणि ग्राहक मंचाचा दरवाजा अशा खरेदीदाराला बंद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. घरातल्या एका पंख्याबद्दल तक्रार करणाऱ्याला जी सोय आहे, ती दोनशे पंखे घेणाऱ्या दुकानदाराला नाही. त्याच्या हाती राहतो तो १९३० चा माल विक्री कायदा. त्यात वानगीवरून केलेल्या विक्रीची कसोटी आहे: सारा माल वानगीबरहुकूम असला पाहिजे आणि तो ताडून पाहण्याची वाजवी संधी घेणाऱ्याला मिळाली पाहिजे. कमी नग आले तर ते नाकारण्याचाही अधिकार आहे. ठेवून घेतले तर ठरलेल्याच भावाने पैसे द्यायचे. पन्नास डबे ४४० ने मागवले आणि विक्रेत्याने आपल्या कसुरीने पंचेचाळीसच पाठवले, तर तो ४७० चा भाव लावू शकत नाही. म्हणून वानगीचे पाकीट, तारीख घालून व बंद करून, माल संपेपर्यंत जपून ठेवणारा दुकानदार शहाणा म्हणावा लागेल.

भाव गुप्त असावा की उघड, हा वाद या सीमाभागाला नवा नाही. पूर्वीच्या बाजारात दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटे दाबत आणि त्या बोटांच्या खुणांनी भाव ठरे. ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी शेजारी उभा असे आणि त्याला रुमाल तेवढा दिसे. नियंत्रित बाजारांचे कायदे झाले, मुंबई प्रांतात १९३९ साली असा कायदा आला, त्यामागे हा रुमाल दूर करून उघड लिलाव आणावा हा एक मोठा हेतू होता. निपाणीचा तंबाखू मात्र दीर्घकाळ व्यापाऱ्याच्या मर्जीनेच विकला जात राहिला. भाव विचारायचा शेतकऱ्याने आणि सांगायचा घेणाऱ्याने, अशी तेथली उलटी रीत. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला, तो वाजवी भावासाठी. आणि त्या वर्षी ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. भाव कोणी आधी बोलायचा, या प्रश्नाची किंमत या भागाने अशी मोजली आहे.

त्या दृष्टीने पाहता कोटेशनाची चौकट हा रुमालच होय. प्रत्येक विक्रेता आपापला भाव कळवतो, दुसऱ्याचा त्याला दिसत नाही. १९९६ साली सुरू झालेल्या इंडियामार्टसारख्या ठिकाणी तर एका गिऱ्हाइकाची विचारणा अनेक विक्रेत्यांपर्यंत जाते आणि विक्रेते अशा विचारणांसाठी पैसे भरतात. विचारणा हाच तेथला विकाऊ माल. कर्नाटकाने २०१४ पासून कृषी बाजारांत जी ऑनलाइन लिलावाची पद्धत नेटाने वाढवली आणि जिच्या धर्तीवर १४ एप्रिल २०१६ रोजी देशव्यापी ई-नाम सुरू झाले, तीतही व्यापारी आपला भाव संगणकावर इतरांपासून झाकून नोंदवतो. परंतु वेळ संपली की तो उघडा होतो आणि लेखी राहतो. रुमालाखालच्या बोटांचा पुरावा कोणालाच दाखवता येत नव्हता. हा दाखवता येतो. मोठ्या सरकारी खरेदीतही असेच आहे. हिंडलग्याच्या कारागृहासारख्या संस्थेला शेकडो माणसांचे धान्य लागते, आणि कर्नाटकात अशी खरेदी १९९९ च्या पारदर्शकता कायद्याच्या चौकटीत, मोठी असेल तर निविदेने, करावी लागते; एकदा उघडलेल्या निविदेतला भाव मागाहून वाढवता येत नाही.

हिंडलग्याचा खास प्रश्न वेगळाच आहे, आणि तो पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याला चटकन समजणार नाही. वेंगुर्ल्याच्या रस्त्याने सुळगा, उचगाव मागे टाकून थोडे मैल गेले, की शिनोळी लागते. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. दोन्हीकडे सोयरिकी, दोन्हीकडे तीच बोली, तीच पिके. पण समजा, हिंडलग्यातील एखादी महिला घरगुती मसाल्याचा लहानसा कारखाना चालवते. तिची उलाढाल बेताची असल्याने तिने वस्तू व सेवा कराची सोपी एकरकमी योजना घेतली आहे. वार्षिक दीड कोटी रुपयांपर्यंतच्या व्यवसायाला ती घेता येते. तिला शिनोळीच्या एका दुकानदाराकडून दोनशे किलो मसाल्याची विचारणा येते. ही योजना घेतलेल्याला राज्याबाहेर माल विकण्याची मनाई आहे. बंगळूरला, पाचशे किलोमीटरवर, तिला माल पाठवता येतो. डोळ्यांना दिसणाऱ्या शिनोळीला पाठवता येत नाही. उलट शिनोळीहून मिरची आणण्यास तिला कसलीच आडकाठी नाही. सोपी योजना सोडून पूर्ण नोंदणी घ्यावी, तर नियमित विवरणपत्रे आणि हिशेबनिसाचा खर्च मानगुटीस बसतो. न घ्यावी, तर घरापासून तासाभराच्या आतले गिऱ्हाईक जाते. १ जुलै २०१७ रोजी हा कर आला तेव्हा सारा देश एक बाजार झाला असे म्हटले गेले. ते मोठ्या व्यापाऱ्याच्या बाबतीत बरेचसे खरे ठरले.

पूर्ण नोंदणी असलेल्याचा कर सीमेपलीकडे एकत्रित स्वरूपात लागतो, सीमेअलीकडे केंद्र व राज्य असा दुभागून. रक्कम तीच राहते, पण कोटेशनात तो चुकीचा मांडला तर घेणाऱ्याला त्याची वजावट मिळण्यात अडचण येते. पन्नास हजार रुपयांवरच्या मालाला वाटेसाठी ई-वे बिल लागते. अशा वेळी एक साधी पडताळणी या भागातल्या प्रत्येकाने अंगवळणी पाडून घ्यावी. कर नोंदणीचा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात: २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. बेळगावचा पत्ता सांगणाऱ्या अनोळखी विक्रेत्याच्या कोटेशनावर भलतेच अंक असले, तर आगाऊ पैसे पाठवण्यापूर्वी थांबावे आणि तो क्रमांक सरकारी संकेतस्थळावर घालून कोणाच्या नावाचा आहे ते पाहावे. त्याला पैसा लागत नाही.

शेवटी राहतो उधारीचा विषय. लहान कारखानदाराचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत, नाही तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात आहे. त्यासाठी त्याची उद्यम नोंदणी मात्र असली पाहिजे. उद्यमबागेतल्या ओतारी कारखान्याला हे संरक्षण मिळते, हिंडलग्याच्या मसाला करणारणीलाही मिळते. रविवार पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याला मिळत नाही. २०२१ साली व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, ती बँकांच्या अग्रक्रमी कर्जापुरतीच. त्यामुळे पेठेतला व्यापारी अजूनही, पडद्यावर कोटेशन देतानासुद्धा, खाली दूरध्वनी क्रमांक देऊन ‘एकदा बोलून घ्या’ असे लिहितो. किती पोती आणि गाडी कोणाची, हे त्याला चौकटीतून कळलेले असते. रोख की उधार, आणि उधार तर कोणाच्या ओळखीवर, हे त्याला अजून आवाज ऐकूनच ठरवावेसे वाटते.